तपकिरीची डबी

सासू : हा कढीपत्ता? अगं, सात-आठ पानं आहेत सगळी मिळून. नि तीसुद्धा प्लास्टिकच्या डब्यात, वर भिंग लावून बघायची.

सून : इथे एवढाच मिळतो, आई. टाका ट्रॉलीत.

सासू : आपल्याकडे भाजीवालीला मागावा लागत नाही. कोथिंबीर घेतली की दोन काड्या वरून टाकते. पेल्यात पाणी घालून खोचला तर मूळ धरेल का गं हा?

सून : नाही धरत. मी करून पाहिलंय. गारठ्याने काळा पडला चार दिवसांत.

सासू : आणि ही तूरडाळ बघ. नुसता हात लावला तर बोटं तेलकट झाली.

सून : तेल चोळूनच येते ती, वाटेत कीड लागू नये म्हणून. गरम पाण्याने तीनदा धुवायची. घरात आहे ती हीच की. तुम्ही रोज हिचंच वरण करता.

सासू : म्हणजे रोज तेल धुते होय मी! मला वाटलं, तुमच्या नळाचं पाणीच तसं.

दुकानदार : या मावशी, या! पहिल्यांदाच पाय लागले दुकानाला. ताई येतात नेहमी. येतात, घेतात, जातात. पाकिटं मात्र पोथी वाचावी तशी वाचतात.

सून : वाचावीच लागतात हो.

दुकानदार : माहीत आहे ना. पोरीला गहू चालत नाही. कशी आहे आमची ठकू? आली की आधी गूळ मागते माझ्याकडे.

सून : पोट पुन्हा दुखायला लागलंय तिचं.

दुकानदार : अरेरे! मध्ये तर छान होती म्हणाला होतात.

सून : हो. वर्षभर छान होती. गेल्या महिन्यापर्यंत.

दुकानदार : देव बरं करील. बघा सावकाश. पोहे मागच्या मांडणीत आहेत, पण आज जाडेच आलेत. पुठ्ठ्यासारखे आहेत, खोटं कशाला बोलू.

सासू : चल गं मागे. शेंगदाणे बघू.

सून : सोललेले नका घेऊ. खवट असतात.

सासू : "गेल्या महिन्यापर्यंत" म्हणालीस ना, ते ऐकलं मी. गेल्या महिन्यात मी आले.

सून : आई, दुकानात नको.

सासू : मग कुठे? घरी नात समोर असते. ती झोपली की माझा लेक असतो. तो उठला की तू फोनवर बहिणीशी. आज ती शाळेत आहे, तो कामावर आहे, आपण दोघीच. इथेच काय ते होऊ दे, या शेंगदाण्यांच्या साक्षीने.

सून : काय व्हायचंय?

सासू : परवा बहिणीला सांगत होतीस ते माझ्या कानावर पडलं. "जुनं माणूस, जीव राहत नसेल, देत असतील लपवून पोळीचा तुकडा."

सून : ऐकलंत तुम्ही?

सासू : भिंती कागदाच्या आहेत तुमच्या. शेजारचा घोरतो तेसुद्धा ऐकते मी.

सून : मग आता सरळच विचारते. दिलंत का तिला काही?

सासू : नाही.

सून : तुमच्या पर्समध्ये बिस्किटांचा पुडा होता.

सासू : पर्स उघडलीस माझी?

सून : तुमच्या गोळ्या शोधत होते. तुम्हीच म्हणालात आण म्हणून.

सासू : होता पुडा. माझा आहे. चहाबरोबर दोन बिस्किटं लागतात मला, आयुष्यभराची खोड आहे. तुमच्या घरात गव्हाचा कण नाही ठेवत तुम्ही, मला पटतं ते. म्हणून न्हाणीघरात जाऊन खाते. कडी लावून. मग चूळ भरते, हात धुते, पदर झटकते नि बाहेर येते. या वयात बिस्किटं चोरून खाणारी बाई आहे मी, पण नातीला विष घालणारी नाही.

सून : विष कोण म्हणालं?

सासू : तू नाही म्हणालीस. तू काहीच म्हणत नाहीस, हेच तर. मी भाजी चिरायला घेतली की तू येऊन उभी. मी ताट वाढलं की तू चमच्याने उकरून बघतेस. भाकरी थापायला बसले तर पीठ हुंगून जातेस. सासूने सुनेला असं केलं असतं तर गावभर झालं असतं.

सून : आई, तिचं वजन उतरलंय. एवढीशी पोर, फ्रॉक खांद्यावरून घसरतो तिचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या खेपेला वजन आणखी कमी भरलं तर दाखल करून घेऊ. मला विचारलं त्यांनी, घरात नवीन काय आलंय? मी आठवून आठवून थकले. तेल तेच, तांदूळ तोच, मसाला मी घरी करते. नवीन काहीच आलेलं नाही, आई. फक्त तुम्ही आलात.

सासू : बोललीस एकदाची.

सून : बोलायला लावलंत तुम्ही.

सासू : बरं झालं. म्हणून माझं तिकीट अलीकडे ओढायचं चाललंय, नाही का? "आईला थंडी सोसत नाही." माझा लेक मला सांगतो, मला थंडी सोसत नाही! मला कुणी विचारलं का?

सून : ते त्याच्या डोक्यातून निघालं. मी नाही सुचवलं.

सासू : पण "राहू दे त्यांना" असंही नाही म्हणालीस.

सून : नाही म्हणाले.

सासू : हं.

सून : काय म्हणणार होते? मला पोरगी दिसते, आई. मला दुसरं काही दिसत नाही सध्या.

सासू : तेवढ्यापुरती तू बरोबर आहेस. पण मी सांगते ते ऐक. ठकूची शप्पथ— नको, आजारी पोरीची शप्पथ घेऊ नये. माझी घेते. पोळी नाही, बिस्कीट नाही, शिरा नाही, कशाचा कण तिला दिलेला नाही. उलट पोट दुखलं की मी सगळं बंद करते. मऊ भात नि वरण. आमच्याकडे बाळंतिणीपासून म्हाताऱ्यापर्यंत पोट बिघडलं की हेच. वरून तुपाची फोडणी आणि चांगला सढळ हाताने हिंग. तिलाही आवडतं. "आजी, ते वासाचं वरण कर" म्हणते.

सून : माहीत आहे. तेवढंच पोटभर जेवते ती.

सासू : मग? मी काय वाईट केलं?

सून : मला नाही कळत, आई. खरंच नाही कळत. शेंगदाणे घ्या आणि चला. अजून काय राहिलं?

सासू : हिंगच राहिला. मी आणलेला संपत आला. तळाला चमचाभर असेल. अहो भाऊ, हिंग आहे का?

दुकानदार : आहे ना! कालच आलाय. नाहीतर हिंगासाठी लोक फोन करून करून जीव खातात माझा. एरवी आम्हाला कोण हिंग लावून विचारतंय? ही घ्या, पिवळी डबी.

सासू : बघू. हा? हा हिंग? याला हळद लावून बोहल्यावर बसवलाय. वास कुठाय याला?

दुकानदार : इथे असाच येतो, मावशी.

सासू : थांबा, तुम्हाला हिंग दाखवते. पर्समध्येच आहे. मासला म्हणून आणलाय. हं, घ्या वास.

दुकानदार : अहाहा! लावा, लावा झाकण. बाकीचं गिऱ्हाईक पळेल. पण काय वास आहे हो! माझी आई उभी राहिली डोळ्यांपुढे. ही डबी कसली? तपकिरीची ना?

सासू : हिच्या सासऱ्यांची. शेवटपर्यंत तपकीर सुटली नाही त्यांची. ते गेल्यावर डबी टाकवेना. झाकण असं घट्ट की मुंगी शिरायची नाही, म्हणून हिंग भरला. विमानतळावर त्या तपासणीच्या पोराने उघडली, नाक खुपसलं, नि अशी मान मागे घेतली की टोपी पडली त्याची. मला हातानेच म्हणाला, जा बाई जा.

दुकानदार : हा-हा! खडा कुटलेला आहे का?

सासू : छे हो! नुसता खडा कोण घालतं? वाटाण्याएवढा पडला वरणात तर पातेलं गटारात ओतावं लागेल. हा बांधणीचा. माझ्या माहेरी आमच्या घराखालीच हिंगाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, दोन खोल्या नि एक पडवी. अजूनही मी तिथूनच मागवते, कागदाच्या पुडीत. शाळेला सुट्टी लागली की आम्ही पोरी जाऊन बसायचो. बायका ओळीने परात पुढ्यात घेऊन बसलेल्या. खडा भिजवून मऊ करायचा, डिंकाचं पाणी, मैदा, नि मग हे मळणं! पोळ्यांची कणीक तिंबावी तसं. घामाघूम व्हायच्या. मग वाळवायचं, दळायचं. आमच्या हातांचा वास आठवडाभर जायचा नाही. वर्गात कुणी जवळ बसत नसे.

सून : काय घालून मळायच्या?

सासू : काय?

सून : खडा भिजवला. डिंकाचं पाणी. आणि?

सासू : आणि मै—

दुकानदार : काय झालं? मावशी? अहो ट्रॉली धरा, घरंगळतेय! ताई, यांना स्टूल देऊ का?

सून : द्या.

दुकानदार : बसा मावशी. पाणी आणू?

सासू : अगं, हिंग आहे तो. हिंगाला हिंगच म्हणतात सगळे. गहू कोण म्हणतं त्याला?

सून : रोज घातलात?

सासू : रोज. दोन्ही वेळा. ज्या दिवशी जास्त दुखायचं त्या दिवशी जास्त घालायची.

दुकानदार : चिमूटभर तर घालतो माणूस. तेवढ्याने काय होतंय, ताई?

सून : तिला कणभर पुरतो. डबी द्या, आई. झाकण नीट लावा.

दुकानदार : थांबा, थांबा, या पिवळ्या डबीवर बघू. अरे, यावरही लिहिलंय की हो! गव्हाचं पीठ. इतकी वर्षं विकतोय, कधी वाचलं नाही मी. तांदळाच्या पिठात बांधलेलाही येतो पण. मागवू का तुमच्यासाठी?

सून : मागवा. पण पाकीट फोडू नका. मी आधी वाचणार, मग घेणार. आणि हा हिंग आज नको. बाकीचं बांधून द्या.

(गाडीत, ठकूच्या शाळेबाहेर. शाळा सुटायला थोडा वेळ आहे.)

सासू : हा पट्टा सोड गं माझा. गुदमरतंय.

सून : थांबा. हं. हात किती गार पडलेत तुमचे.

सासू : याच हातांनी गं. पोरगी पोट धरून कळवळायची, नि मी वर आणखी एक चिमूट टाकायची. औषध म्हणून. बशी पुसून खायला लावायची, "एवढा घास आजीसाठी" म्हणून.

सून : आई, पुरे.

सासू : तू माझ्यावर पोळीचा आळ घेतलास तेव्हा मला इतका राग आला होता. सांगू? बरं वाटत होतं त्या रागाने. रोज रात्री पांघरुणात शिरून तुला मनात चार शब्द सुनावायची. आता ते पांघरूणही गेलं.

सून : आळ घेतला तो चुकीचाच होता. तुम्ही लपवून काही दिलं नाहीत.

सासू : लपवून दिलं नाही. सगळ्यांसमोर दिलं, चांगलं वाढून.

सून : मी समोरच बसलेली होते ना. मीही ओरपलं ते वरण. दिवसभर काम करून दार उघडलं की तो वास यायचा. चप्पल काढायच्या आधी भूक लागायची मला. किती वर्षांनी असा वास या घराला आला, असं मीच म्हणाले होते.

सासू : म्हणाली होतीस.

सून : आणि हिंग आणायला कुणी सांगितलं? मीच ना? फोनवर? "आई, लोणची-पापड काही नको, हिंग तेवढा आणा, इथला मातीसारखा लागतो, कित्येक वर्षांत घेतलेला नाही मी."

सासू : हो गं, तूच सांगितलंस! अगदी दोनदा सांगितलंस.

सून : एवढं जोरात कबूल करू नका.

सासू : नाही, मी आपली आठवण करून दिली.

सून : मी घरात मीठसुद्धा वाचून घेते. मोहरीच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचते. टूथपेस्ट वाचते. सगळ्या घरात न वाचलेली एकच वस्तू होती, तुमची डबी. आणि वाचली असती तरी काय? काय लिहिलंय तिच्यावर?

सासू : "उत्तम सुवासिक तपकीर."

सून : सुवासिक!

सासू : हसतेयस काय?

सून : नाही.

सासू : मग रडतेयस?

सून : मला माहीत नाही, आई. रुमाल द्या जरा.

सासू : घे.

सून : डॉक्टरीणबाईंना कळवते आज. आता हिंग पूर्ण बंद ठेवायचा. फोडणीचं कढलं टाकून देऊ, पळी नवी आणू. वरणाचं पातेलं उकळून घासते मी. मग महिनाभर बघायचं. याच्यामुळेच असेल तर कळेल.

सासू : आणि नसेल तर?

सून : मग पुन्हा शोधू. पण मला वाटतं हेच आहे. मला आज पहिल्यांदा काहीतरी धरायला सापडलंय.

सासू : महिनाभर म्हणतेस. मी कुठे असणार महिनाभर? तिकीट अलीकडचं काढतोय ना तो.

सून : अजून काढलेलं नाही. संध्याकाळी बोलते मी त्याच्याशी.

सासू : काय बोलशील? थंडी तर तेवढीच आहे. उलट वाढलीय.

सून : सांगेन, तुझ्या आईला थंडी सोसते. मी स्वतः विचारलं. सोसते ना?

सासू : पायमोजे लागतात दोन. पण सोसते.

सून : झालं तर मग. आणि ती बिस्किटं न्हाणीघरात बसून खायची नाहीत. बाल्कनीत खुर्ची टाकते, तिथे बसून खा. ठकू शाळेत असताना.

सासू : बाल्कनीत सगळ्यांना दिसतं गं.

सून : दिसू दे. इथे कुणाला काय पडलंय तुमच्या बिस्किटांचं?

सासू : डबी कुठे ठेवलीस?

सून : डिकीत. दोन पिशव्यांत गाठ मारून.

सासू : टाकणार?

सून : हिंग टाकणार. डबी कशाला टाकू? बाबांची आहे ती. मी उकळून देते, पण स्वयंपाकघरात नाही राहायची. तुमच्या पर्समध्ये ठेवा. बिस्किटं ठेवा हवं तर.

सासू : मावायची नाहीत. इवलीशी आहे.

सून : मोडून ठेवा.

सासू : बघ गं, तुमच्या बाबांच्या तपकिरीचं काय काय झालं शेवटी.

सून : चला, सुटलीच शाळा. मोठी मुलं यायला लागली.

सासू : आज वरण बिनवासाचं होणार. ताटावर बसल्या बसल्या विचारेल. काय सांगू तिला?

सून : खरं सांगू. तिला कळतं सगळं. स्वतःच विचारते वाढदिवसाला गेली की, यात गहू आहे का म्हणून.

सासू : खरं म्हणजे काय, आजीनेच दुखवलं तुझं पोट?

सून : असं कुणी सांगतं का? म्हणू, हिंगात गहू असतो हे आई नि आजी दोघींना माहीत नव्हतं.

सासू : मला माहीत होतं गं. तेच तर. लहानपणापासून माहीत होतं. फक्त कधी आठवावं लागलं नाही.

सून : मग तसं सांगा. आजी विसरली होती. तिला चालेल. ती रोज डबा विसरते.

सासू : आली बघ. ती निळी टोपी. दप्तर केवढं ते, पोरगी मागे दिसतच नाही.

सून : तुम्ही जा आणायला.

सासू : मी? रोज तू जातेस. मला गाडीतच बसायला सांगतेस.

सून : आज तुम्ही जा. मी पिशव्या सरकवून जागा करते.

सासू : थांब. ती धावत येऊन आधी हातच धरते. पाण्याची बाटली दे. मघाशी डबी उघडली होती मी. ओत हातावर. इथे दाराबाहेर ओत.

सून : धरा ओंजळ. साबणाचा कागदही घ्या.

सासू : नखांत राहिलं असेल. अजून ओत. अजून थोडं. बघ, एवढं चोळलं, पण वास काही जात नाही.

सून : वास राहू दे, आई. जा, ती फाटकात उभी आहे.